राजधानीचे चरित्र आणि खाडीकाठची नगरे : मराठीतील मुंबई-लेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे, या विधानाला दोन अर्थ आहेत. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि राज्यकारभाराचे केंद्र म्हणून मुंबईचे स्थान निश्चित झाले, हा त्याचा पहिला अर्थ होय. दुसरा अर्थ सांस्कृतिक आहे. मराठी वृत्तपत्रसृष्टी, ग्रंथप्रकाशन, रंगभूमी, कामगार चळवळ, लघुनियतकालिकांची चळवळ आणि दलित साहित्याची चळवळ या साऱ्यांच्या जडणघडणीत मुंबईचा वाटा मोठा आहे. त्यामुळे मुंबईचा इतिहास म्हणजे आधुनिक मराठी समाजाच्या इतिहासाचे एक प्रमुख प्रकरण, असे समीकरण अभ्यासविश्वात रूढ झाले आहे आणि ते निराधार नाही.

मात्र जनगणनेचे आकडे या समीकरणापुढे एक प्रश्न उभा करतात. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे मूळ बेटावरील भागाची, लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती सुमारे ३० लाख ८५ हजारांवर आली. याच जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या पुढे गेली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. राजधानीचे मूळ क्षेत्र रिते होत असताना खाडीच्या काठाने आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात नवी वस्ती दाटत गेली. राजधानीचा कारभार, व्यापार आणि सेवा ज्यांच्या श्रमावर चालतात त्यांतील फार मोठा वर्ग आज ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथे राहतो. मग राजधानीच्या इतिहासात या माणसांचे आणि त्यांच्या नगरांचे स्थान काय? मराठीतील मुंबई-लेखनाने आणि त्या लेखनाच्या समीक्षेने या प्रश्नाला कोणते उत्तर दिले आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे या लेखनाचा समग्र आढावा अभिप्रेत नसून काही प्रातिनिधिक ग्रंथ व कलाकृतींच्या आधारे त्यातील दृष्टीचा विचार केला आहे.

१. मुंबई-लेखनाची परंपरा आणि तिची चौकट

मराठीत मुंबईविषयीच्या स्वतंत्र ग्रंथलेखनाचा आरंभ गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथापासून मानला जातो. शहरातील जातीजमाती, बाजार, रस्ते, देवळे, विद्यालये, बंदरे, धर्मादाय संस्था यांची बारकाईने केलेली नोंद हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे. तो प्रसिद्ध झाला तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस-व्यापाराला आलेल्या भरभराटीचा होता. साहजिकच इंग्रजी अमदानीत झालेल्या उत्कर्षाविषयीचे कौतुक हा ग्रंथाचा स्थायीभाव आहे. त्यानंतर बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९) हा ग्रंथ आला. या दोन ग्रंथांनी मराठी वाचकाच्या मनात मुंबईच्या चरित्राची जी चौकट तयार केली ती पुढे दीर्घकाळ टिकून राहिली : ओसाड व दलदलीची सात बेटे, पोर्तुगिजांकडून इंग्रजांना आंदण, कंपनीची वखार, भराव, गोदी, लोहमार्ग, गिरण्या आणि महानगर.

या चौकटीला शासकीय दप्तररचनेचाही आधार मिळाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर-मालेत ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. मुंबई बेटाविषयीची साधने नंतर वेगळ्या खंडांत आली आणि शहराचे स्वतंत्र गॅझेटिअर १९०९-१० मध्ये निघाले. कारभाराच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी पुढे इतिहासाचीच विभागणी ठरली. वस्तुतः वांद्रे, कुर्ला, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही साष्टी बेटावरील गावे त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत होती. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली निर्माण झाला आणि १९५० व १९५७ मधील हद्दवाढीनंतर ही गावे मुंबई महानगरपालिकेत आली. म्हणजे आज ज्याला निःसंकोचपणे मुंबई म्हटले जाते त्याचा क्षेत्रफळाने मोठा भाग १९२० पर्यंत ठाणे जिल्हा होता. हद्द सरकली की भूतकाळातील मालकीही सरकते आणि जे हद्दीबाहेर राहिले ते ‘उपनगर’ किंवा ‘परिसर’ या सदराखाली जाते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

२. ‘शून्यातून उभे राहिलेले शहर’ या कल्पनेची मर्यादा

मुंबई शून्यातून उभी राहिली ही कल्पना बेटापुरते पाहिले तरच काही अंशी ग्राह्य ठरते. खाडी, बंदरे आणि घाटवाटा यांचा एकत्रित विचार केला तर चित्र बदलते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा बंदर म्हणून निर्देश आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे दाते आढळतात. सहाव्या शतकातील कॉस्मस या लेखकालाही हे बंदर माहीत होते. ठाणे, म्हणजे शिलाहारांचे श्रीस्थानक, ही उत्तर कोकणची राजधानी होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. याच घराण्यातील अपरादित्य या राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही टीका आहे. राज्यकर्त्याने धर्मशास्त्रावर टीकाग्रंथ लिहावा अशी विद्येची परंपरा ज्या नगरीत होती, तिला केवळ मुंबईचे प्रवेशद्वार म्हणणे हे कालक्रमाचे उलटे वाचन होय.

‘महिकावतीची बखर’ या संदर्भात लक्षणीय आहे. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. केळवे-माहीम, साष्टी, ठाणे, मुंबईचे माहीम या साऱ्यांना बखरकार एकाच भूप्रदेशाचे घटक मानतो. तिच्यातील कालगणना व वंशावळी यांविषयी मतभेद असले, तरी तिच्यातील भूगोलाची जाणीव मोलाची आहे. इंग्रजी चौकटीत बेट हे केंद्र आहे. बखरीच्या चौकटीत खाडीच्या दोन्ही काठांवरची गावे परस्परांच्या नात्याने उभी आहेत. मुंबईविषयीच्या नंतरच्या मराठी लेखनाने पहिली चौकट स्वीकारली आणि दुसरी संशोधकांच्या टिपांपुरती ठेवली.

राजकीय इतिहासही याच नात्याची साक्ष देतो. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली वसई सर केली. त्यानंतर मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली, ही घटना मुंबईच्या इतिहासात नोंदवली जाते. परंतु तिचे कारण ठाण्याच्या खाडीकाठी घडले होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून साष्टी ताब्यात घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. साष्टी हाती आल्यावाचून मुंबई बेटाला अन्नधान्य, भूमी आणि संरक्षण यांची शाश्वती नव्हती. राजधानी म्हणून मुंबईच्या वाढीची पूर्वअट ठाण्यात पुरी झाली, असे म्हणण्यास येथे आधार आहे.

३. लोहमार्गाचे एक टोक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. तीन इंजिने, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि चौतीस किलोमीटरांचे अंतर हा तपशील पाठ्यपुस्तकांतूनही परिचित आहे. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणहून एक फाटा बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे गेला. १८६३ व १८६५ साली हे घाट अनुक्रमे पार झाले आणि दख्खनचा कापूस थेट मुंबईच्या गोदीपर्यंत येऊ लागला. मुंबईच्या भांडवली वाढीचा हा कणा होता.

या इतिहासाच्या कथनात एक वैचित्र्य आढळते. गाडी जेथून सुटली ते बोरीबंदर स्मृतीत ठळक राहिले; गाडी ठाण्यालाच का गेली, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. ठाणे हे खाडीच्या काठी असलेले जिल्ह्याचे ठाणे होते आणि घाटांकडे जाणाऱ्या मार्गावरील पहिला स्वाभाविक टप्पा होते. या लोहमार्गाच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या एतद्देशीयांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या जगन्नाथ शंकरशेट यांचे घराणेही मूळचे मुरबाडचे, म्हणजे कल्याणपलीकडचे. मुंबईचे शिल्पकार म्हणून नानांचा गौरव होतो तो यथार्थच आहे; परंतु मुंबईची माणसे कोठून आली, या प्रश्नाचे एक उत्तर या घराण्याच्या मूळ गावातच मिळते.

पुढच्या काळात लोहमार्गाचा अर्थ पालटला. माल वाहणारा मार्ग माणसे वाहणारा झाला. मराठी साहित्यात बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहापासून यंत्रयुगातील नगरजीवनाची जाणीव तीव्र झाली आणि लोकल गाडी ही नंतरच्या नगरकवितेतील व कथेतील परिचित प्रतिमा बनली. या प्रतिमेतून गर्दी, घुसमट आणि व्यक्तित्वलोप व्यक्त झाला. तथापि ही गाडी जेथे रात्री रिकामी होते त्या स्थानकाबाहेरचे जग या प्रतिमेत फारसे आले नाही. प्रवासी दिसला; त्याचे गाव दिसले नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा स्थानकांदरम्यान भरगच्च गाड्यांच्या दारात लटकणारे प्रवासी खाली पडून काहींना प्राण गमवावे लागले. अशा घटना बातमीच्या रूपाने येतात आणि विरून जातात. राजधानीच्या चरित्रात ‘लोकल’ हे धावपळीचे व जिद्दीचे प्रतीक म्हणून गौरविले जाते. त्या गौरवात या मृत्यूंचा हिशेब कोठे मांडावयाचा, हा केवळ प्रशासनाचा नव्हे तर वाङ्मयीन दृष्टीचाही प्रश्न आहे.

४. ‘महानगरीय साहित्य’ ही संकल्पना आणि तिने वगळलेला प्रदेश

१९६० नंतरच्या मराठी साहित्यात मुंबईचे जे दर्शन घडले ते मराठीची मोठी मिळकत आहे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) ही कादंबरी झोपडपट्टीत शिरली. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) नाक्यावरच्या तरुणांची भाषा साहित्यात आणली. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराचे नगर उभे केले. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) वेश्यावस्तीचा परिसर मराठी कवितेच्या मध्यभागी आणला. अरुण साधू यांनी ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांतून सत्तेच्या राजधानीचा छेद घेतला. या साहित्यकृतींनी पांढरपेशा अभिरुचीला जे धक्के दिले त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

आक्षेप या साहित्यावर नसून त्यातून समीक्षेने घडवलेल्या ‘महानगरीय’ या निकषावर आहे. झोपडपट्टी, गिरणगाव, वेश्यावस्ती, गुन्हेगारी आणि मंत्रालय ही स्थळे ज्या लेखनात येतात ते महानगरीय, असा एक अलिखित दंडक तयार झाला. महानगराची टोके त्यामुळे उजेडात आली. परंतु महानगरामुळेच निर्माण झालेला एक विस्तीर्ण मधला प्रदेश समीक्षेच्या नजरेआड राहिला. हप्त्याने घेतलेला दोन खोल्यांचा ब्लॉक, पहाटेची ठरावीक गाडी, नोकरी करणारी पत्नी, पाळणाघर, कर्जफेड, पाण्याची वेळ हे सारे महानगराचेच उत्पादन आहे. जेथे नोकरी आहे तेथे घर परवडत नाही आणि जेथे घर परवडते तेथे नोकरी नाही, या विसंगतीतून हे जीवन आकाराला आले. त्याला ‘मध्यमवर्गीय’ असे बिरुद देऊन समीक्षेने त्याची बोळवण केली.

डोंबिवलीचे शं. ना. नवरे (१९२७-२०१३) यांच्या कथांचे मूल्यमापन हे याचे बोलके उदाहरण आहे. त्यांच्या कथा हळुवार, कौटुंबिक, मध्यमवर्गीय म्हणून ओळखल्या जातात. ही विशेषणे खोटी नाहीत. मात्र ती अपुरी आहेत. लहान घरातील नात्यांची ओढाताण, वेळेचा तुटवडा आणि त्या तुटवड्यातून निसटून सापडलेले आनंदाचे क्षण यांमागे महानगराच्या अर्थव्यवस्थेचा दाब आहे, हे ध्यानात घेतले तर या कथांचे वाचन अधिक सखोल होऊ शकते. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात चाळ-संस्कृतीच्या मावळण्याची चाहूल आहे. चाळ सुटल्यावर ही कुटुंबे कोठे गेली, याचा पुढचा अध्याय खाडीकाठच्या नगरांतील साहित्यात शोधावा लागतो. एका अध्यायाला विनोदी साहित्याचा मानबिंदू आणि दुसऱ्याला केवळ कौटुंबिक कथा मानल्यामुळे त्यांतील सलगता हरवली.

चित्रपटाच्या माध्यमाने ही उणीव काही अंशी भरून काढली. निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाने बँकेत नोकरी करणाऱ्या माधव आपटे या नायकाच्या दिनक्रमाला नाट्याचा विषय बनविले. परंतु येथेही एक गोष्ट लक्षणीय आहे. शीर्षकात डोंबिवली आहे. नायकाचा उद्रेक मात्र प्रामुख्याने राजधानीत घडतो. डोंबिवली ही सहन करण्याची जागा आणि मुंबई ही कृती करण्याची जागा, अशी विभागणी या समर्थ कलाकृतीतही शिल्लक राहिली आहे.

५. राजधानी कोणाची?

मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून. या लढ्यात गिरणी कामगार अग्रभागी होता आणि शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर यांनी त्याला शब्द व सूर दिले. फ्लोरा फाउंटनच्या परिसराला हुतात्मा चौक हे नाव त्या बलिदानाच्या स्मृतीतून मिळाले. राज्यस्थापनेनंतर बावीस वर्षांच्या आतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाची औपचारिक समाप्ती कधी झालीच नाही, असे म्हटले जाते. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या जमिनींविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ च्या निकालाने जमिनीच्या विकासाचा मार्ग मोकळा झाला.

या पर्वाचे मराठीतील सर्वांत प्रभावी नाट्यरूप म्हणजे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७). संपानंतर विस्कटत जाणारे एक गिरणगावातील कुटुंब या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. पुढे त्यावर आधारित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपटही आला. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ साली सिद्ध केलेला गिरणगावचा मौखिक इतिहासही याच स्मृतीचा दस्तऐवज आहे. तथापि या साऱ्या कथनांचा शेवट गिरणगावच्या अस्तापाशी होतो. त्यामुळे गिरणी कामगाराची कहाणी ही समाप्त झालेली शोकांतिका वाटू लागते. वास्तवात ती समाप्त झालेली नाही. तिचे स्थळ बदलले आहे. खोली विकून किंवा सोडून अनेक कुटुंबे कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे गेली. त्यांच्या पुढच्या पिढीने खाजगी नोकऱ्या, रिक्षा, लहान दुकाने, शिकवण्या यांतून संसार उभे केले. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न अलीकडे पुन्हा चर्चेत आला तो शेलू-वांगणी परिसरात घरे देण्याच्या शासकीय योजनेमुळे. मुंबईतच घर मिळाले पाहिजे, या मागणीसाठी कामगार संघटनांनी योजनेला विरोध केला. ज्यांनी राजधानी मिळवली त्यांना राजधानीत राहता यावे, असा या मागणीचा नैतिक आशय आहे.

येथे मराठी भाषेचा प्रश्नही गुंतलेला आहे. मुंबईतील मराठी माणसाची टक्केवारी हा राजकीय चर्चेचा नेहमीचा विषय आहे. परंतु मुंबईतून ‘गेलेला’ मराठी माणूस हा महाराष्ट्रातून गेलेला नाही. तो पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि रोज राजधानीत येतो. ठाणे व डोंबिवलीतील नाट्यगृहे आणि ग्रंथालये त्याच्या आश्रयावर चालतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीत सुरू झाली आणि तेथून गिरगावासह अन्यत्र पसरली. संस्कृतीचा प्रवाह केवळ राजधानीकडून परिघाकडे वाहतो हा समज तपासून पाहण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे. केवळ ‘मराठी माणूस हद्दपार झाला’ या शोकसूरात ही वस्तुस्थिती बसत नाही. आणि तो शोकसूर कितीही प्रामाणिक असला तरी त्यातून या नव्या वस्तीचे आकलन होत नाही.

६. स्थानिक अभिमानाची मर्यादा

राजधानीकेंद्री दृष्टीची चिकित्सा करताना स्थानिक इतिहासलेखनाची तपासणी टाळणे योग्य ठरणार नाही. या नगरांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र ठाण्यातून १८६६ साली सुरू झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या (१८९८) पाच वर्षे आधी स्थापन झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ व २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली भरले.

परंतु अशा नोंदींची यादी म्हणजे इतिहास नव्हे. शिलाहारांची राजधानी आणि आजचे ठाणे यांच्यात अखंड परंपरा दाखवता येत नाही. कल्याणचे प्राचीन बंदर आणि आजचे जंक्शन यांच्यामध्येही अनेक खंड आहेत. प्राचीनत्वाचा दाखला देऊन मुंबईपेक्षा ज्येष्ठत्व सांगणे हा राजधानीच्याच चौकटीतला दुसरा डाव होय. ‘तलावांचे शहर’, ‘सांस्कृतिक नगरी’ ही बिरुदे मिरवताना जे झाकले जाते तेही पाहिले पाहिजे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेले भीषण स्फोट, ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे अनधिकृत इमारत कोसळून झालेले ७४ मृत्यू, फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांतून १९४९ साली वसलेले उल्हासनगर, आणि ज्यांच्या शेतांवर व मिठागरांवर ही नगरे वाढली ते आगरी व कोळी समाज यांना ‘सांस्कृतिक नगरी’च्या चित्रात अभावानेच जागा मिळते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली तेव्हा समाविष्ट झालेली २७ गावे २००२ साली वगळण्यात आली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट करण्यात आली. त्यांच्या समावेशाचा वाद त्यानंतरही शमला नाही. मुंबई जे ठाण्याला म्हणते तेच डोंबिवली या गावांना म्हणते. केंद्र आणि परिघ यांचे नाते असे पायरीपायरीने खाली उतरत जाते.

नवरे यांच्या कथाविश्वाची मर्यादाही याच ठिकाणी जाणवते. त्यातील डोंबिवली ही प्रामुख्याने पांढरपेशांची आहे. औद्योगिक वसाहतीतील पाळीकामगार किंवा आगरी बोली बोलणारा भूमिपुत्र तिच्यात क्वचितच डोकावतो. ‘महानगरीय’ या संज्ञेचा विस्तार करताना ही मर्यादा नजरेआड केली, तर एका वगळण्याच्या जागी दुसरे वगळणे येईल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

एक, मराठीतील मुंबई-लेखनाने बेट हे अभ्यासाचे एकक मानले. त्याऐवजी खाडी, नदी, घाटवाट आणि लोहमार्ग यांनी जोडलेला प्रदेश हे एकक मानल्यास राजधानीच्या उदयाची व वाढीची कारणे अधिक स्पष्ट होतात. ठाण्याचा १७७४ चा पाडाव आणि कल्याणचा १८५४ चा लोहमार्ग या घटना तेव्हा स्थानिक न राहता राजधानीच्या इतिहासाचा भाग होतात.

दोन, ‘महानगरीय साहित्य’ ही संज्ञा विषयस्थळांवरून न ठरवता महानगराच्या अर्थव्यवस्थेने माणसाच्या वेळेवर, घरावर आणि नात्यांवर केलेल्या परिणामावरून ठरवली जाणे इष्ट आहे. तसे झाल्यास ‘मध्यमवर्गीय’ म्हणून बाजूला ठेवलेल्या साहित्याचे पुनर्वाचन शक्य होईल आणि त्याच्या खऱ्या मर्यादाही दिसतील.

तीन, गिरणी संपानंतरच्या मराठी समाजाचा इतिहास हा अस्ताचा नव्हे तर स्थलांतराचा इतिहास आहे. त्याची साधने अद्याप विखुरलेली आहेत : सोसायट्यांची इतिवृत्ते, प्रवासी संघटनांची निवेदने, स्थानिक साप्ताहिकांचे अंक, ग्रंथालयांचे वार्षिक अहवाल, भूसंपादनाच्या नोटिसा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हयात असलेल्या पिढीच्या आठवणी.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांवर या दृष्टीने विशेष जबाबदारी येते. त्यांच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आजोबा गिरणीत होते, वडील रोज राजधानीत जातात आणि विद्यार्थी स्वतः ज्या इमारतीत राहतो तिची जमीन शेजारच्या गावातील एखाद्या कुटुंबाची होती. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन प्रकल्पकार्याच्या रूपाने या तीन पिढ्यांच्या मुलाखती नोंदवल्या आणि त्या स्थानिक ग्रंथालयांत जतन केल्या, तर राजधानीच्या चरित्रातील एक कोरे राहिलेले प्रकरण लिहिले जाऊ शकेल. गिरणीत प्रत्यक्ष काम केलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यास फारसा अवधी उरलेला नाही.